गोधडीखालचा ॲम्प

भाच्याचा मागच्या आठवड्यात फोन आला. मामा, इलेक्ट्रिक गिटार घरीच रेकॉर्ड करायचीय, ॲम्पला माइक लावू की सरळ इंटरफेसमध्ये घालून प्लगइनवर भागवू? मी तेव्हा शेव-उसळीच्या गाडीपाशी उभा होतो, मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते, आणि मी म्हटलं प्लगइन लाव, स्वस्त पडेल, आणि फोन ठेवला. (इंटरफेस म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी, आणि प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरमध्येच ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर.) घरी येईपर्यंत ते उत्तर बोचत राहिलं. चुकीचं नव्हतं ते, पण ज्या गोष्टीत मी पंधरा वर्षं घातली तिच्याबद्दल एवढंच बोलून मोकळं होणं बरं वाटलं नाही. म्हणून आता बसून नीट लिहितोय.

माझी खोली बडोद्याच्या कारेलीबागेत, तळमजल्यावर, घराच्या मागच्या अंगाला. दहा बाय अकरा फूट, छतही दहा फुटांवर. आधी तिथे धान्याचे डबे आणि आत्याचा तंबोरा असायचा, डबे गेले, तंबोरा अजून आहे. खोलीचं माप मुद्दाम सांगतोय कारण टोनची निम्मी भानगड तिथेच असते. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा सूर घुमतो आणि त्याची दुप्पट म्हणजे 112 चाही घुमतो, आणि गिटारची मोकळी ए तार असते 110 वर. म्हणजे ती तार छेडली की माझी अख्खी खोली फुगते, बाकीच्या तारांना तसं होत नाही. हे मला कळायलाच दोन वर्षं गेली, तोपर्यंत मी ॲम्पचा बेस कमी-जास्त करत बसायचो आणि म्हणायचो की हा स्पीकरच असा आहे.

ॲम्प होता 15 वॉटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे काचेच्या ट्यूबांवर चालणारा ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, 12 इंचाचा एकच स्पीकर, 2011 मध्ये हॉटेलात वाजवणाऱ्या एका गिटारिस्टकडून सेकंडहँड घेतलेला, तो परदेशी निघाला होता आणि त्याला तो कुणा वाजवणाऱ्याच्याच घरी जायला हवा होता. ट्यूब ॲम्पची गंमत आणि अडचण एकच, तो आवाज दोनवर असताना नुसता चालू असतो आणि पाचवर गेला की गायला लागतो. ट्यूबा तापतात, जोरात तार मारली की आवाज क्षणभर दबतो आणि मग हळूच वर येतो, बोटांना ते जाणवतं, जणू तार थोडी मऊ झाली. पण पाचवर गेला की शेजारच्या बेनच्या मांडणीतली स्टीलची ताटं थरथरायची. लोक सांगतात कमी वॉटचा घे, पण वॉट आणि कानाला लागणारा आवाज यांचं गणित फसवं आहे, दहापट वॉट झाले तर आवाज जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे 50 च्या जागी 15 घेतला म्हणून शेजारी सुखी होतात असं अजिबात नाही.

मग गोधडी आली. आजीच्या हातची, जुन्या लुगड्यांची, चांगली जाड. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, मधे ॲम्प, त्याच्यासमोर माइक, आणि वरून गोधडी अशी टाकायची की ॲम्पची मागची बाजू थोडी उघडी राहील, कारण ट्यूबांना हवा लागते, ते विसरलं तर आतलं सगळं भाजून निघतं. मे महिन्यात पंखा बंद करून त्या खोलीत बसायचं म्हणजे काय ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. पण गोधडीने दोन कामं केली. शेजारचा त्रास थोडा कमी झाला, फार नाही, खर्ज कापडाला जुमानत नाही. आणि खोलीचा तो फुगलेला ए माइकपर्यंत कमी पोचायला लागला, कारण माइक आता स्पीकरच्या तोंडाशी होता आणि खोली गोधडीच्या बाहेर.

माइक शुअरचा एसएम57. 1965 पासून तो बनतोय आणि गिटारच्या ॲम्पसमोर आजही बहुतेक तोच दिसतो. महाग नाही, पडला तरी काही होत नाही. पण तो कुठे ठेवायचा यात सगळं आहे आणि हे मला कुठल्याही व्हिडिओने शिकवलं नाही, आत्याने शिकवलं, तिला माहीतही नसताना.

आत्या सूरसागराच्या काठच्या म्युझिक कॉलेजात शिकली. 1886 साली सयाजीराव महाराजांनी दरबारातले संगीतकार मौलाबक्ष यांच्या हाती दिलेली गायनशाळा, तीच पुढे वाढत वाढत युनिव्हर्सिटीची फॅकल्टी झाली. आत्याचं आता वय झालंय, गात नाही फारसं, पण तंबोरा लावते. तिचं जवारी लावणं मी लहानपणापासून बघत आलोय. तार आधी खुंटीने सुरात आणायची, मग मण्याने बारीक फरक काढायचा, आणि त्यानंतर घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा नखाने इतका हळू पुढे ढकलते की हात हललेला दिसत नाही. तार ठण ठण करत असते, कोरडी, आणि मधेच एका जागी तिच्यातून आवाजाचा एक पडदा उघडतो, वरचे सगळे सूर खळखळत बाहेर येतात. दोरा अजून केसभर सरकला की परत बंद. आत्या त्या जागेवर थांबते आणि म्हणते, "हं, आता बोलायला लागला." सूर तोच असतो, सा चा काही रे झालेला नसतो. बदलला तो टोन.

स्पीकरसमोर माइक सरकवणं हे अगदी हेच काम आहे. स्पीकरच्या मध्यभागी छोटी टोपी असते, डस्ट कॅप. माइक बरोबर तिच्या मधोमध रोखला की आवाज करकरीत, कानात घुसणारा. कडेकडे सरकवत गेलो की तो गोल आणि जाड होत जातो, पार कडेला गेलं की घोंगडीत गुंडाळल्यासारखा. आणि या दोन टोकांमध्ये अंतर किती, तर पाच-सहा इंच. जाळीच्या कापडातून आतलं दिसत नाही म्हणून मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा, टोपीची कड दिसली की जाळीवर शिंप्याच्या खडूने खूण करायची. माझी जागा त्या खुणेपासून बोटभर बाहेर होती, माइक जाळीपासून दोन बोटं लांब. एकदा हेडफोन लावून मी माइक सरकवत होतो आणि भाचा, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, मोकळ्या तारा छेडत होता, आणि एका जागी मी नकळत म्हणालो, "हं, बोलायला लागला." आत्या दारात उभी होती. काही बोलली नाही, पण बराच वेळ उभी राहिली.

आता दुसरा रस्ता, थेट इंटरफेसमध्ये. याबद्दल माझ्या मनात अजिबात अढी नाही हे आधी सांगतो, कारण जुने गिटारवाले प्लगइनचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात आणि ते मला पटत नाही. थेट जायचं तर पहिली गोष्ट म्हणजे इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटन दाबलेलं हवं. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीला, समोर साधारण 1 मेगाओमचा इनपुट लागतो, ॲम्पमध्ये तो असतोच, पण लाइन इनपुट बहुधा दहा-वीस हजार ओमचा असतो आणि तो पिकअपला एवढा ओढतो की वरचे सूर मरतात. मी सुरुवातीला एक आख्खं गाणं लाइनमध्ये वाजवून काढलं आणि मग महिनाभर ट्रेबल वाढवत बसलो. जे आलंच नाही ते वाढणार कुठून.

दुसरी गोष्ट स्पीकरची. डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी पायाखालची डबी, सरळ इंटरफेसला जोडून ऐका एकदा, डबड्यात गांधीलमाशा भरल्यासारखा आवाज येतो. कारण गिटारचा स्पीकर म्हणजे जाड कागदाचा कोन आहे, 5000 हर्ट्झच्या वर तो भराभर खाली येतो, आणि तो अडवतो म्हणूनच डिस्टॉर्शन आपल्याला गोड लागतं. प्लगइनमध्ये हे काम आयआर करतो, म्हणजे एखाद्या खऱ्या स्पीकरची, खऱ्या माइकची, त्या त्या जागेवर घेतलेली ध्वनीची छापच म्हणा. तो चांगला असला की अर्धी लढाई जिंकली, ॲम्पचं मॉडेल कुठलंही चालतं, भाच्याला मी हेच सांगणार आहे की ॲम्प बदलत बसू नकोस, आधी आयआर ऐक. आणि आता न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लोक आपापल्या ॲम्पचे कॅप्चर, म्हणजे त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल, करून टाकतात, डोळे मिटून ऐकलं तर खरा कुठला आणि कॅप्चर कुठला हे मी पैज लावून सांगू शकणार नाही. लेटन्सीचंही, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज कानात येईपर्यंतच्या उशिराचंही, आता रडगाणं नको, 48 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पलचा बफर म्हणजे तीन मिलिसेकंदांपेक्षा कमी, येण्या-जाण्याचे आणि ड्रायव्हरचे मिळून थोडे वाढतात, पण आपण ॲम्पपासून आठ-दहा फूट लांब उभे राहतो तेव्हा तेवढा उशीर हवेतच होतो.

मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न आहे "नंतर बघू" मध्ये.

2024 च्या उन्हाळ्यात मी चार गाणी वाजवून ठेवली. चारही नुसती डीआय, म्हणजे गिटारचा कोरडा सिग्नल, कसलाही टोन नाही. डोक्यात हिशोब असा की आता उकाडा आहे, शेजारी बेनच्या मुलाची परीक्षा आहे, गोधडीचा खटाटोप नको, आधी वाजवून घेऊ, पावसाळा संपला की तेच सिग्नल रीॲम्प करू, ॲम्पमधून सोडू आणि माइक लावू. ऐकताना एक साधासा क्लीन आवाज लावलेला, मेट्रोनोमच्या वर ऐकू येण्यापुरता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीला पूर आला. बडोद्याच्या लोकांना ते चार दिवस पाठ आहेत. काळा घोडा पुलापाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं, वस्तीत मगरी फिरत होत्या, आमच्या गल्लीत कंबरेच्या वर पाणी. आम्ही वर शेजाऱ्यांकडे गेलो. लॅपटॉप, हार्ड डिस्क, दोन गिटारी, आत्याची औषधं, कागदपत्रं, आणि तंबोरा, तो मी डोक्यावर धरून जिना चढलो कारण भोपळ्याला धक्का लागला असता तर आत्याला मी तोंड दाखवू शकलो नसतो. ॲम्प जड, तो टेबलावर चढवला आणि वाटलं एवढ्या उंचीवर पोचणार नाही. अडीच दिवसांनी खाली आलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ टेबलाच्या वर हातभर होती. स्पीकरचा कोन भिजलेल्या पापडासारखा लोंबत होता, बोट लावलं तर बोटाला चिकटून आला. आत सगळीकडे तो बारीक काळा गाळ. रिपेअरवाल्याने उघडून पाहिलं, दोन्ही ट्रान्सफॉर्मर गेलेले, कॅबिनेट फुगलेलं, म्हणाला दुसरा बनवल्यासारखंच होईल साहेब. मी तो आणला नाही परत.

त्या चार गाण्यांचे डीआय हार्ड डिस्कवर सुखरूप होते. वाटलं ठीक आहे, ॲम्प गेला तर गेला, प्लगइन आहेत. आणि मग पुढचे तीन महिने जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

एकेका गाण्याला मी किती ॲम्प लावले असतील, मोजदाद नाही. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोनवर बारीक आवाजात बसायचो, जमलं असं वाटायचं, सकाळी स्पीकरवर मोठ्याने लावलं की सगळं ढबढबीत. यातला एक भाग कानाचा आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलंय, म्हणजे रात्री मी जो बेस वाढवत होतो तो माझ्या कानातला खड्डा भरत होतो आणि सकाळी तिथे ढीग व्हायचा. ते कळल्यावर मी दिवसा, एकाच ठरावीक आवाजात ऐकायला लागलो. ढबढब गेली. पण गाणी तरी उभी राहिनात.

शेवटी एका दुपारी मी टोन लावायचं सोडून नुसतं वाजवणं ऐकलं, आपलंच, परक्याचं ऐकावं तसं. तेव्हा लक्षात आलं की हात चुकीचा आहे. कोरडा क्लीन आवाज ऐकत वाजवलं होतं ना, तो आवाज लगेच विझतो, म्हणून मी दर सूर जोरात मारला होता आणि दोन सुरांमधली जागा भरायला मधेमधे फालतू सूर घातले होते. त्याच वाजवण्याला गेन लावला, म्हणजे आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवला, की ते सगळे फालतू सूर फुगून वर यायचे. जो ॲम्प मनात धरून ती गाणी रचली होती तो समोर असता तर मी सूर सोडला असता आणि थांबलो असतो, कारण त्याने तो धरून ठेवला असता. हात आवाजाचं ऐकून वाजवतो. तंबोरा न लावता कुणी गाऊन ठेवतं का, की सा नंतर घालू?

2016 ची एक रेकॉर्डिंग सापडली त्याच ॲम्पची. अर्धवट गाणं, माइक लावून, मागे पंख्याचा आवाजसुद्धा आहे. त्यात तो ॲम्प आहे, सगळा, तो दबून वर येण्यासकट. आज त्याचा कॅप्चर करावा म्हटलं तर ॲम्प जिवंत लागतो, त्यातून ठरावीक सिग्नल सोडावा लागतो, जुन्या गाण्यातून ते होत नाही. त्या दिवशी मी तो आवाज पक्का करून ठेवला म्हणून तो आहे, आणि 2024 मध्ये ठेवला नाही म्हणून नाही.

आमच्या आत्याकडे फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्यांचा विषय निघतोच, बडोदे दरबारचे गवई, घरोघरी त्यांच्या आठवणी. 78 आरपीएमची तबकडी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, आणि माइकसमोर जे झालं ते झालं. मला त्या काळात जायचं नाही. पण त्या तबकड्या ऐकताना एक कळतं, की आवाज कसा लागणार हे गाण्याच्या आधी ठरलेलं होतं.

आता मी काय करतो ते सांगतो भाच्याला. नवा ॲम्प लहान आहे, मॉडेलिंगवाला, त्याला अर्ध्या वॉटवर आणायची सोय आहे, शेजारच्या बेननी अजून तक्रार केलेली नाही. आधी टोन, हवा तेवढा वेळ, मग रेकॉर्डचं बटन. ज्या दिवशी माइक लावता येत नाही त्या दिवशी प्लगइन, पण तोही आधी ठरवून, कानात तोच आवाज घेऊन वाजवायचं आणि तोच छापून ठेवायचा. डीआय बाजूच्या ट्रॅकवर चालू असतो, अपघाताला उपयोगी, पण त्याच्या भरवशावर वाजवत नाही. माइक एकच. दोन लावले की एक दुसऱ्यापेक्षा 34 सेंटिमीटर मागे गेला तरी आवाज तिथे 1 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही मिसळले की 500 हर्ट्झच्या आसपास, जिथे गिटारचा जीव असतो, तिथेच खड्डा पडतो. ज्यांना ते जुळवता येतं त्यांनी जुळवावं. डावीकडे-उजवीकडे दोनदा वाजवायचं असेल तर गेन एकट्या गिटारला ठेवतो त्यापेक्षा कमी, दोन मिळून आपोआप भरतं. आणि सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपची, गिटार असेल तर वाजवायच्या आधी खुर्चीवर बसून हळूहळू गोल फिरायचं, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची घूं एका दिशेला जवळजवळ नाहीशी होते, तिकडे तोंड करून वाजवायचं. माझं तोंड त्यामुळे नेहमी तंबोऱ्याकडे असतं.

त्या चारपैकी दोन गाणी मी पहिल्यापासून वाजवली. दुसरं वाजवलं यंदाच्या उत्तरायणला, 14 जानेवारीच्या दुपारी. अख्खं बडोदं गच्चीवर, दर गच्चीवर स्पीकर, अशा दिवशी माझ्या ॲम्पचं कुणाला काय पडलंय, मी गोधडी काढली, ॲम्प अर्ध्या वॉटवरून वर घेतला आणि खूप दिवसांनी पोटात आवाज लागला. शेवटचा सूर सोडला आणि थांबलो, मधे काहीही न घालता. तो सूर विझत असताना वरून कुणीतरी पतंग कापून ओरडलं, काप्यो छे, आणि ते माइकमध्ये आलं, बारीक पण स्वच्छ. भाचा म्हणतो मामा, हे काढून टाकता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. मला माहीत आहे येतं ते.

रविवारी तो येतोय त्याची गिटार घेऊन. चांगली केबल आण म्हटलंय. आत्याने सकाळीच गोधडी बाहेर काढून दोरीवर टाकली, पुराच्या पाण्यानंतर तीनदा धुतली तरी ऊन दाखवल्याशिवाय तिला बरं वाटत नाही.